अग्रलेख लिहिणारा राहतो कुठे?

७ डिसेंबर २०२३ च्या रात्री केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. दुसऱ्या दिवशी लासलगावसह नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत लिलाव बंद पडले आणि चांदवडला शेतकऱ्यांनी मुंबई-आग्रा महामार्ग अडवला. मी तेव्हा एका दैनिकाच्या नाशिक आवृत्तीत उपसंपादक होतो. त्या रात्री पान एक आम्ही तीनदा मोडून पुन्हा लावले. डाक आवृत्ती, म्हणजे बाहेरगावी जाणारा सगळ्यांत आधीचा अंक, सोडायची वेळ झाली तरी तालुक्यांतून वार्ताहरांचे फोन थांबत नव्हते. कुणी ट्रॅक्टरच्या रांगेचा फोटो पाठवत होते, कुणी उघड्यावर पडलेल्या लाल कांद्याचा.

नऊच्या सुमारास संपादकीय पान आले. ते रोज तसेच यायचे, मुख्यालयातून तयार होऊन. आवृत्तीचे नाव आणि तारीख बरोबर आहे ना एवढे बघायचे आणि पान सोडायचे, म्हणजे छपाईला पाठवायचे, हे आमचे काम. त्या दिवशीचा अग्रलेख विधानसभा निकालांनंतरच्या दिल्लीतल्या राजकारणावर होता. कांद्यावर अग्रलेख आला तो तीन दिवसांनी. वाईट नव्हता. आकडे बरोबर होते, भाषा स्वच्छ होती, सरकारलाही दोन शब्द सुनावले होते. फक्त शेवटाकडे एक सल्ला होता: शेतकऱ्यांनी घाईने माल बाजारात आणू नये, थोडे थांबावे.

त्या सकाळी निफाड तालुक्यातल्या आमच्या एजंटाचा फोन आला. वसुलीचे बोलायला केला होता, पण आधी म्हणाला, "भाऊ, माझ्याकडं पन्नास अंक उतरतात. पारावर एक जण विचारत होता, लाल कांदा थांबवा म्हणतो, हा अग्रलेख लिहिणारा राहतो कुठं?" मी म्हटले, मुंबईला. "हां, मग बरोबर," एवढेच म्हणून तो हिशेबाकडे वळला.

डिसेंबरचा लाल कांदा टिकत नाही. चाळीत भरून ठेवतात तो उन्हाळ कांदा. हे नाशिक जिल्ह्यातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. आमच्या नाशिकच्या कार्यालयात त्या रात्री हजर असलेल्या कुणालाही ती ओळ दाखवली असती तर त्याने ती कापली असती. पण ते पान आमच्यासाठी वाचण्याचे नव्हते, सोडण्याचे होते.

पारावरच्या त्या माणसाच्या प्रश्नात राग नव्हता. पाहुण्याला गाव विचारावे तसे त्याने विचारले होते. नोकरी सोडून आता बरेच दिवस झाले, पण तो प्रश्न माझ्यापाशी राहिला आहे. माझे म्हणणे असे, की नाशिकमध्ये निघणाऱ्या प्रत्येक वर्तमानपत्राचा नाशिकमध्ये बसून लिहिलेला अग्रलेख असला पाहिजे. रोज जमत नसेल तर आठवड्यातून दोनदा. तो नसेल तर ते पत्र नाशिकात छापले जाते, नाशिकात विकले जाते, नाशिकच्या जाहिराती घेते, पण नाशिकचे होत नाही.

वर्तमानपत्रातल्या प्रत्येक मजकुराला कुणीतरी धनी असतो. बातमी घटनेची, लेख लेखकाचा, पत्र वाचकाचे, जाहिरात पैसे देणाऱ्याची. पत्र स्वतः बोलते ते एकाच जागी. संपादकीय पानावर, ठळक मथळ्याखाली, खाली कुणाचेही नाव नसलेल्या मजकुरात. लिहिणारा हात संपादकाचा असेल किंवा सहायक संपादकाचा, बोलणारी मात्र संस्था असते. नाव घालून लिहिणारा चुकला तर तो एकटा चुकतो. अग्रलेख चुकला तर पत्र चुकते.

वाचकाला हा फरक कुणी शिकवलेला नसतो, पण तो त्याला पक्का कळतो. २०१६ च्या मार्चमध्ये मुंबईच्या एका मोठ्या मराठी दैनिकाने मदर तेरेसांवरचा आपला अग्रलेख छापल्याच्या दुसऱ्याच दिवशी मागे घेतला आणि दिलगिरी व्यक्त केली. एखाद्या पाहुण्या लेखकाचा लेख मागे घेतला असता तर दोन दिवस चर्चा होऊन विषय संपला असता. इथे तो वर्षानुवर्षे निघत राहिला, कारण ज्यांना तो अग्रलेख पटला नव्हता त्यांनाही घराने दिलेला शब्द परत घेतल्यासारखे वाटले. त्याआधी चार दशके, २८ जून १९७५ ला, आणीबाणी लागून तीनच दिवस झाले असताना 'इंडियन एक्स्प्रेस'ने दिल्लीच्या अंकात अग्रलेखाची जागा कोरी सोडली होती. त्या कोऱ्या जागेत काय लिहिले आहे ते लोकांनी वाचले. जागा कुणाची आहे हे माहीत असल्याशिवाय कोरा कागद वाचता येत नाही.

मराठीत तर हे नाते फार जुने आहे आणि फार महागात घेतलेले आहे. 'केसरी' ४ जानेवारी १८८१ ला निघाला, पहिले संपादक गोपाळ गणेश आगरकर. दुसऱ्याच वर्षी कोल्हापूरच्या कारभाऱ्यांवर केलेल्या आरोपांवरून खटला झाला. ज्या पत्रांच्या आधारे आरोप केले ती बनावट निघाली. 'केसरी'चे आगरकर आणि 'मराठा'चे टिळक, दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. या प्रसंगाकडे आपण बहुधा त्याग म्हणून पाहतो. मला त्यात दुसरे काही दिसते. पत्राने विधान केले, ते चुकीचे ठरले, चूक कबूल झाली आणि त्याची किंमत पत्राच्या संपादकांनी मोजली. आज कुठल्या छापील चुकीची किंमत कोण मोजतो?

पुढे सामाजिक सुधारणांवरून दोघांचे फाटले. हा दोन माणसांचा वाद होता तसा एका शब्दाचाही होता. 'केसरी'च्या अग्रलेखातला 'आम्ही' एकच असू शकत होता. संमतिवय, विधवाविवाह, शास्त्र मोठे की बुद्धी, या प्रश्नांवर त्या 'आम्ही'ने एका आठवड्यात एक आणि पुढच्या आठवड्यात दुसरे बोलून चालले नसते. आगरकर १८८७ मध्ये 'केसरी'तून बाहेर पडले आणि १८८८ मध्ये त्यांनी 'सुधारक' काढला. इष्ट असेल ते बोलणार आणि साध्य असेल ते करणार, ही त्या पत्राची प्रतिज्ञा होती. दोन मते एका पानावर शेजारी शेजारी छापून समतोल साधण्याची सोय त्यांना होती, पण ती त्यांना पटली नसती. आणि १९०८ मध्ये 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' या दोन अग्रलेखांवरून टिळकांना सहा वर्षे मंडालेला जावे लागले.

जे कुणाच्याच 'आम्ही'त नव्हते त्यांना तर स्वतःचा 'आम्ही' उभा करण्यावाचून गत्यंतर नव्हते. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' काढला आणि शिरोभागी तुकोबांचा अभंग छापला, काय करू आता धरुनिया भीड, निःशंक हे तोंड वाजविले. या पाक्षिकाची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने घेतली नव्हती, हे बाबासाहेबांनी पुढे 'बहिष्कृत भारत'मध्ये नोंदवून ठेवले आहे. काय छापायचे नाही, यातही पत्राची ओळख असते. दहा वर्षांनी, २ मार्च १९३० ला, आपल्या नाशिकात काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांच्या पुढाकाराने. तो सुरू झाला तेव्हा 'बहिष्कृत भारत' १९२९ च्या अखेरीस बंद पडलेला होता आणि 'जनता' निघायला आणखी आठ-नऊ महिने होते. दारात बसलेल्या माणसांना आपली बाजू बव्हंशी दुसऱ्यांच्या पत्रांतून वाचावी लागली असणार. पंचवटीत त्या दरवाजासमोरून जाताना हे मला हमखास आठवते.

नाशिकने स्वतःचे बोलणारी पत्रे पाहिली आहेत. दादासाहेब पोतनीसांचा 'गावकरी' इथला. त्याच घरातून निघालेले 'अमृत' आणि 'रसरंग' महाराष्ट्रभर गेले, पण 'गावकरी' मनमाड, येवला, सटाण्यापर्यंत घरच्या माणसासारखा होता. पुढे 'देशदूत' आला. माझे वडील सावानात, म्हणजे १८४० पासून चालत आलेल्या आपल्या सार्वजनिक वाचनालयात, संध्याकाळी पेपर वाचायला जात. घरी येणाऱ्या अंकात ते अग्रलेखावर लाल पेन्सिलीने रेघा ओढत. पटले तर सरळ रेघ, नाही पटले तर समासात प्रश्नचिन्ह. रविवारी रद्दी बांधताना आई ती पाने वेगळी काढायची, कारण वडील कधी कधी जुने प्रश्नचिन्ह शोधायला बसायचे, मागच्या महिन्यात हा काय म्हणाला होता ते बघायला.

'हा' म्हणजे पेपर. वडिलांच्या तोंडी वाक्य असायचे, "आज गावकरी असं म्हणतोय." त्यांच्या आधीच्या पिढीत "केसरी म्हणतो" असायचे. आता आपण काय म्हणतो? "पेपरात आलंय." कोणत्या पेपरात, हे विचारायचीही गरज वाटत नाही, कारण सगळ्यांत तेच आलेले असते. म्हणणारा गेला आणि येणारे उरले. मराठी माणसाच्या बोलण्यातून कर्ता कधी निसटला ते कुणाच्या लक्षातही आले नाही.

मुंबई-पुण्याच्या दैनिकांच्या नाशिक आवृत्त्या आल्या याचे मला दुःख नाही. त्यांनी नाशिकच्या बातमीला पाने दिली. गल्लीतल्या गटारीपासून विद्यापीठाच्या परीक्षांपर्यंत कितीतरी गोष्टी छापून येऊ लागल्या. आमच्यासारख्या अनेकांना नोकऱ्या मिळाल्या. काही ठिकाणी निवासी संपादक आठवड्यातून एकदा स्वतःच्या नावाने चांगले लिहितातही. पण ते त्यांचे लेखन. त्यांची बदली झाली की ते सदर त्यांच्याबरोबर जाते. नवे निवासी संपादक येतात आणि पाटी पुसून पुन्हा सुरुवात होते. नाशिकच्या प्रश्नावर पत्राने दहा वर्षांपूर्वी काय भूमिका घेतली होती, असे विचारायला गेले तर उत्तर द्यायला कुणी नसते. संस्थेने भूमिका घेतलेलीच नसते.

यावर कुणी म्हणेल, बातम्या नीट आल्या की झाले, अग्रलेखाचे कौतुक कशाला? डेस्कवर बसून मला याचे जे उत्तर मिळाले ते सांगतो. बातमीला घटना लागते. न घडलेल्या गोष्टीची बातमी होत नाही.

१ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या मेट्रो निओसाठी २,०९२ कोटी रुपयांची घोषणा झाली. त्या दिवशी आठ कॉलमी मथळे होते. मग आढावा बैठक झाली की बातमी, कुणी मंत्री बोलले की बातमी, आराखडा बदलणार म्हटले की बातमी. मधल्या काळात एकही खांब उभा राहिला नाही, आणि खांब उभा न राहण्याच्या दिवसाला तारीख नसते. कुठल्या वार्ताहराने कुठल्या दिवशी ती बातमी द्यावी? "आज मेट्रो झाली नाही" असे छापता येत नाही. अग्रलेखाला मात्र घटनेची वाट पाहावी लागत नाही. शांत दिवशी, काहीही घडलेले नसताना, तो म्हणू शकतो की या शहराला एक शब्द दिला होता, तो पाळायचा आहे की नाही ते सांगा, आणि नसेल तर त्याऐवजी रोज द्वारका चौकात अडकणाऱ्यांसाठी काय करणार तेही सांगा. तीन महिन्यांनी पुन्हा म्हणू शकतो. या चिकाटीला बातमीच्या पानात जागाच नसते.

दुसरी गोष्ट याहून गंभीर. नाशिक महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि निवडणूक झाली ती थेट जानेवारी २०२६ मध्ये. मधली जवळपास चार वर्षे प्रशासकाची. महासभेचे अधिकार त्याच्याकडे, स्थायी समितीचे त्याच्याकडे, अंदाजपत्रक त्यानेच मांडायचे आणि त्यानेच मंजूर करायचे. नगरसेवक कसेही असोत, महासभेत उभे राहून आरडाओरडा तरी करतात. त्यातून विषय बाहेर येतो, इतिवृत्तात नोंद होते. ते दार बंद होते तेव्हा या शहराच्या वतीने जाहीरपणे, ठरावीक जागेवरून, जबाबदारीने 'हे आम्हाला मान्य नाही' म्हणू शकणारी जागा कोणती होती? स्थानिक अग्रलेखाची. ती भरलेली असायची दिल्लीतल्या, मुंबईतल्या आणि अमेरिकेतल्या विषयांनी. त्या विषयांवर लिहू नये असे मी म्हणत नाही. पण आपल्या घरात सभागृहच नसताना पत्राने त्याबद्दल महिनोन्महिने संस्था म्हणून काहीच न म्हणणे, हे मी आतून पाहिले आहे, आणि त्यात मीही पान सोडणाऱ्यांपैकी होतो.

तिसरे उदाहरण तपोवनाचे. २०२५ च्या अखेरीस साधुग्रामासाठी, म्हणजे सिंहस्थात येणाऱ्या साधूंच्या मुक्कामाच्या जागेसाठी, तिथली झाडे तोडण्यावरून शहर ढवळून निघाले. बातम्या भरपूर आल्या, आणि बातमीच्या नियमाप्रमाणे दोन्ही बाजूंच्या. प्रशासन म्हणते इतकी झाडे लावू, वृक्षप्रेमी म्हणतात जुनी झाडे परत येत नाहीत, महंत म्हणतात साधूंची सोय झाली पाहिजे. बातमीने हेच करायला हवे. पण सगळ्यांचे ऐकून झाल्यावर वाचकाला एक गोष्ट हवी असते, जी घरातल्या शहाण्या माणसाकडून हवी असते: तुझं काय मत? तू तर सगळ्यांशी बोललास, कागद पाहिलेस, जागेवर जाऊन आलास. इथे 'दोन्ही बाजूंत तथ्य आहे' असे म्हणून उठून जाणे हा समतोल होत नाही. झाडे वाचवून साधुग्राम कुठे आणि कसे करता येईल, किंवा येणार नाही, हे जबाबदारीने सांगावे लागते. चुकण्याची तयारी ठेवून सांगावे लागते.

याला घेतले जाणारे आक्षेप मला पाठ आहेत, कारण कार्यालयात मी ते ऐकले आहेत आणि काही वेळा मीही मांडले आहेत.

पहिला, अग्रलेख हल्ली वाचतो कोण. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'ने अध्यक्षपदाच्या निवडणुकीत कुणालाच पाठिंबा न देण्याचे जाहीर केले. पाठिंब्याचा अग्रलेख तयार होता आणि तो मालकाच्या निर्णयाने थांबला, हे बाहेर आले. काही दिवसांत अडीच लाखांहून अधिक वाचकांनी वर्गणी बंद केली. अमेरिका आणि नाशिक यांची तुलना मला करायची नाही, तिथे वर्तमानपत्राने उमेदवाराला पाठिंबा देण्याची प्रथा आहे, आपल्याकडे तशी नाही. पण जी जागा कुणी वाचत नाही असे आपण समजतो ती गप्प झाली की वाचकाला ते जाणवते, एवढे यातून नक्की दिसते. आपल्याकडे 'सामना'चा अग्रलेख रोज सकाळी वाहिन्यांवर बातमी होतो, तो कशामुळे? त्या पक्षाला मत न देणारेही तो ऐकतात, कारण बोलणारा कोण आणि कुठे उभा आहे याबद्दल कुणाच्या मनात शंका नसते. प्रत्येक पत्राने पक्षाचे व्हावे असे मी मुळीच म्हणत नाही. कुठे उभे आहोत हे सांगण्यासाठी पक्षात असावे लागत नाही, गावात असावे लागते.

दुसरा आक्षेप खरा आहे आणि त्याला सोपे उत्तर नाही. दिल्लीवर लिहिलेल्या अग्रलेखाने नाशिकची एकही जाहिरात जात नाही. नाशिकवर लिहिलेल्याने जाऊ शकते. महापालिकेच्या निविदा सूचना, बांधकाम व्यावसायिकांची पानभर जाहिरात, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या पुरवण्या, यांवर आवृत्ती चालते. गोदावरीच्या निळ्या पूररेषेत बांधकामाला परवानगी मिळावी की नाही, यावर स्थानिक अग्रलेख लिहायचा तर शेजारच्या पानावर कुणाची जाहिरात आहे हे सगळ्यांना दिसते. मी एकदा पूररेषेवर टिपण लिहिले होते. ते 'नंतर बघू'मध्ये गेले आणि पुढे कधीच निघाले नाही. ज्यांनी ते थांबवले त्यांना मी दोष देत नाही. महिनाअखेरीस पगार करण्याची काळजी त्यांच्या डोक्यावर होती.

पण या वाटेने पुढे काय होते तेही आपण पाहिले आहे. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रातल्या एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या दैनिकांत एकाच उमेदवाराचे गुणगान शब्दन् शब्द सारखे छापून आले. पत्रकार पी. साईनाथ यांनी ते उघड केले आणि 'पेड न्यूज' हा शब्द मराठी माणसाच्या तोंडी बसला. एक मजकूर तीन पत्रांत तसाच बसू शकला, कारण तीनही पत्रांना स्वतःचा आवाज उरला नव्हता. ज्या पत्राचा स्थानिक अग्रलेख ठणठणीत आहे, ज्याने त्या उमेदवाराच्या रस्त्यावर, पाण्यावर, शाळेवर आधी कधी काही म्हटलेले आहे, त्याच्या पानात परका मजकूर लगेच वेगळा दिसतो. वाचकच ओळखतो. गोदेला पूर आला की पाणी गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठवर चढले यावरून गाव पुराचे माप काढते. मारुती जागचा हलत नाही म्हणून ते जमते. पत्राच्या पानांतून रोज इतके काही वाहत असते, त्यात एक जागा तरी न हलणारी असावी लागते.

तिसरा आक्षेप माणसांचा. नाशिकात अग्रलेख लिहिणारे आहेत कुठे, असे मुख्यालयात विचारले जाते. आहेत. पंचवीस वर्षे महापालिका, बाजार समित्या, जिल्हा परिषद केलेले वार्ताहर इथे आहेत. त्यांना कुणी कधी म्हटलेले नाही, की बाबा, बस, बातमी बाजूला ठेव आणि आपल्या पत्राने यावर काय म्हणावे ते सांग. लिहिणे शिकवता येते. लाल कांदा टिकत नाही हे मात्र मुंबईत बसून शिकता येत नाही.

मला हवे आहे ते फार मोठे नाही. आठवड्यातून दोन दिवस, मुख्य अग्रलेखाशेजारी अर्धा कॉलम, खाली सही नाही. लिहिण्याआधी नाशिकच्या कार्यालयात वीस मिनिटांची बैठक, त्यात वार्ताहर, उपसंपादक आणि जमले तर जाहिरात विभागाबाहेरचाच एखादा जुना माणूस. पत्राने त्या विषयावर पूर्वी काय म्हटले होते ते त्यात नमूद असावे. मत बदलले असेल तर का बदलले ते सांगावे. चूक झाली तर त्याच जागी, त्याच अक्षरात दुरुस्ती यावी, आतल्या पानाच्या कोपऱ्यात नको. मालकाचा त्या विषयात धंदा असेल तर तसे एका ओळीत लिहावे. जाहिराती काही काळ जातील. काही परत येतील, कारण ज्या पत्राला वाचक मानतो त्यात दिसणे जाहिरातदारालाही हवे असते. काही परत येणार नाहीत, तेही धरून चालावे लागेल.

प्रत्येक अंकाच्या शेवटच्या पानावर तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ असते. मुद्रक आणि प्रकाशक अमुक यांनी अमुक ठिकाणी छापून अमुक ठिकाणाहून प्रसिद्ध केले. १८६७ च्या कायद्याने ती ओळ सक्तीची केली, आणि तो कायदा जाऊन १ मार्च २०२४ पासून नवा लागू झाला तरी ती ओळ गेली नाही. तिच्यात नाशिकच्या सातपूर किंवा अंबडचा पत्ता असतो. छापखाना कुठे आहे हे कायद्याला माहीत असावे लागते. मत कुठे तयार झाले हे वाचकाला माहीत असावे, असा कायदा नाही. तो पत्राने स्वतःहून पाळायचा.

आणि घाई आहे, म्हणूनच हे आता लिहितो आहे. २०२७ च्या ऑगस्टमध्ये सिंहस्थाची स्नाने आहेत. २७ ऑगस्ट २००३ ला याच शहरात, रामकुंडाकडे जाणाऱ्या सरदार चौकातल्या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरी झाली आणि ३९ भाविक गेले. दुर्घटनेनंतर हळहळ व्यक्त करणारे अग्रलेख देशभर छापले जातात. इथल्या पत्राचे काम त्याआधीचे आहे. गर्दी कुठल्या वाटेने आत येणार आणि कुठल्या वाटेने बाहेर जाणार, त्या वाटांवर आज काय उभे आहे, ते कोण हटवणार, कधी हटवणार, आणि ठरल्या तारखेला हटले नाही तर जबाबदार कोण, हे दर आठवड्याला नाव घेऊन विचारायचे. ज्याला हा अग्रलेख लिहायचा आहे त्याने श्रावणातल्या एखाद्या सोमवारी, कपालेश्वराची गर्दी असताना, सरदार चौकातून रामकुंडापर्यंत एकदा चालून जावे. मग कार्यालयात परत येऊन लिहायला बसावे.